शोक करणाऱ्याजवळ बसणे

शास्त्रपाठ : ईयोब २:११-१३, योहान ११:१७-४४, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४१, १ थेस्सलनीकाकरांस ४:१३-१८

पाठाचा हेतू : प्रिय व्यक्तीच्या मरणाने दुःखी झालेल्यांना ख्रिस्ती मंडळीने कोणता आधार द्यावा, व तो किती काळ द्यावा, हे शास्त्रावरून समजून घेणे.



आपल्या मंडळीत कोणी प्रभूमध्ये निद्रिस्त झाले म्हणजे पहिले दोन-तीन दिवस त्या घरी काही कमी पडत नाही. पाळकसाहेब येतात, तरुणसंघाची मुले खुर्च्या मांडतात, महिलामंडळाच्या भगिनी घरात बसून राहतात, शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी येते. दफनविधीच्या वेळी कबरस्तानात उभे राहावयास जागा नसते. पुढच्या रविवारी उपासनेत त्या कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना होते. हे सर्व चांगले आहे व ते आपण सोडू नये. परंतु पंधराव्या दिवशी त्या घराचे दार कोण वाजवितो? तिसऱ्या महिन्यात कोण जातो?

महाराष्ट्राबाहेर इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळ्यांना हा प्रश्न अधिकच लागू पडतो. मिरजेहून, जालन्याहून, सोलापुराहून नातलग गाडीने येतात आणि रजा संपताच परत जातात. भाऊ, बहीण, मामा, मावशी सर्व दूर. त्यानंतर त्या घराला मंडळीखेरीज दुसरे माणूस नसते. मंडळीही आपापल्या कामाला लागली, तर ती विधवा किंवा तो मुलगा रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतो, आशीर्वादाच्या आधीच उठून जातो, आणि काही महिन्यांनी येईनासा होतो. लोक म्हणतात की त्यांचा विश्वास थंडावला. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की त्यांच्या दुःखाला आपल्यामध्ये बसावयास जागा उरलेली नसते. म्हणून हा पाठ.

१. रडणे हा अविश्वास नाही

काही विश्वासू घरांत अशी समजूत आहे की ख्रिस्ती माणसाने प्रियजनांच्या मरणी डोळ्यांना पाणी आणू नये, कारण आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. विशेषतः पुरुषांना तर सर्वच जण खंबीर राहा म्हणून सांगतात. शास्त्र काय सांगते ते पाहू.

सारा मरण पावली तेव्हा अब्राहाम तिच्यासाठी शोक करावयास व रडावयास गेला (उत्पत्ती २३:२). हाच अब्राहाम विश्वासणाऱ्यांचा पिता म्हटला जातो. याकोब मरण पावला तेव्हा योसेफ, जो सगळ्या मिसर देशाचा अधिकारी होता, आपल्या बापाच्या तोंडावर पडून रडला. मिसरी लोकांनी सत्तर दिवस शोक केला, आणि पुढे अतादाच्या खळ्यावर योसेफाने आणखी सात दिवस शोक पाळला (उत्पत्ती ५०:१-१०). अहरोनासाठी इस्राएलांनी तीस दिवस शोक केला (गणना २०:२९) व मोशेसाठीही तीस दिवस (अनुवाद ३४:८). वचनदत्त देश समोर दिसत होता, यार्देन ओलांडावयाची होती, तरी देवाने आपल्या लोकांना थांबून रडू दिले.

कोणी म्हणेल, हा जुना करार झाला. मग स्तेफनाकडे पाहा. मरतेवेळी त्याने आकाश उघडलेले व प्रभू येशूला देवाच्या उजवीकडे उभे असलेले पाहिले. ह्याहून अधिक खात्रीचे मरण कोणते? तरी भक्तिमान माणसांनी त्याला पुरले तेव्हा त्याच्यासाठी मोठा विलाप केला (प्रेषितांची कृत्ये ८:२). शास्त्र त्यांना भक्तिमान म्हणते व त्याच वाक्यात त्यांच्या विलापाची नोंद करते.

आता प्रेषित पौलाचे थेस्सलनीकाकरांस लिहिलेले वचन नीट वाचा (४:१३). ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद तुम्ही करू नये, असा त्याचा आशय आहे. खेदच करू नका असे तो म्हणत नाही. आशेवाचून केलेला शोक एक आणि आशा धरून केलेला शोक दुसरा. दोन्ही शोकांत अश्रू सारखेच खारट असतात. स्तोत्रकर्त्याला तर असा भरवसा आहे की देव आपल्या भक्तांची आसवे बुधलीत साठवून ठेवतो (स्तोत्र ५६:८). जे देव जपून ठेवतो ते पुसून टाकण्याची घाई आपण का करावी?

२. ईयोबाचे मित्र : सात दिवस आणि त्यानंतर

ईयोबाची दहा मुले एका दिवसात गेली. अलीफज, बिल्दद व सोफर हे त्याचे तिघे मित्र आपापल्या ठिकाणाहून निघाले, एकमेकांशी ठरवून आले, त्याला ओळखू न आल्यामुळे मोठ्याने रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्दही बोलला नाही (ईयोब २:११-१३).

ह्या मित्रांची आपण नेहमी निंदा करतो, परंतु ह्या सात दिवसांबद्दल त्यांचा मान केला पाहिजे. ते बोलावल्याशिवाय आले. ते खुर्चीवर न बसता, तो होता त्या पातळीवर बसले. आणि मौन मोडले ते त्यांनी नव्हे, ईयोबाने मोडले (३:१). दुःखी माणसाला प्रथम बोलू द्यावे, हा सांत्वनाचा पहिला धडा आहे.

बिघाड झाला तो त्यांनी तोंड उघडल्यावर. ईयोबाचा आक्रोश त्यांना सहन झाला नाही. देवाची बाजू मांडली पाहिजे असे त्यांना वाटले, आणि प्रत्येक अध्यायागणिक ते अधिक कठोर होत गेले. लक्षात घ्या, त्यांचे सगळेच बोलणे खोटे नव्हते. अलीफजाचे एक वचन (ईयोब ५:१३) पुढे पौलाने करिंथकरांस लिहिताना आधारासाठी घेतले आहे (१ करिंथ. ३:१९). तरीही पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप भडकला तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नाही, तर अलीफज व त्याच्या दोघा मित्रांवर (४२:७). आपण जे उपदेश करतो, धडे शिकवितो, त्यांनी ह्या गोष्टीचा फार विचार करावा. व्यासपीठावरून जे वाक्य खरे असते, तेच शोकघरी चुकीच्या वेळी उच्चारले तर दगडासारखे लागते.

३. मार्था आणि मरीया : बोल एकच, उत्तरे दोन

बेथानी गाव यरुशलेमेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होते. लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले तेव्हा प्रभू आला. मार्था उठून त्याला भेटावयास गावाबाहेर गेली. मरीया घरातच बसून राहिली. एकाच घरातील दोघी बहिणी, एकच भाऊ गेलेला, पण दुःखाची रीत निराळी.

दोघींचे पहिले बोलणे मात्र अगदी एक आहे. प्रभू येथे असता तर आपला भाऊ मेला नसता, असे मार्था म्हणते (११:२१), आणि नंतर मरीयाही तेच म्हणते (११:३२). चार दिवस त्या दोघी एकमेकींना हेच सांगत बसल्या असतील असे वाटते. ह्या बोलण्यात विश्वास आहे आणि तक्रारही आहे. प्रभूने त्या तक्रारीबद्दल कोणालाही दटावले नाही.

आता उत्तरे पाहा. मार्थेला विचारावयाचे होते, बोलावयाचे होते. तिच्याशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीया पायांशी पडून रडली. तिला त्याने एवढेच विचारले की त्याला कोठे ठेवले आहे, आणि तो स्वतः रडला. थोड्याच वेळात लाजार बाहेर येणार हे त्याला ठाऊक होते. वाट चालू लागण्यापूर्वीच त्याने ते शिष्यांना सांगितले होते (११:११). पुढे होणारा आनंद ठाऊक असूनही तो समोरच्या दुःखात उतरला. पुनरुत्थान आणि जीवन जो आहे, त्याला जर कबरेजवळ रडावेसे वाटले, तर आपल्याला कोरडे राहण्याचा अधिकार कोणी दिला?

म्हणून एका घरातील सर्वांनी एकाच तऱ्हेने शोक करावा अशी अपेक्षा ठेवू नये. एक मुलगा बापाचा फोटो भिंतीवर लावतो, दुसऱ्याला तो पाहवत नाही. एक सून सतत कामात राहते, दुसरी अंथरुणातून उठत नाही. कोणाचे प्रेम अधिक व कोणाचे कमी, असा हिशेब बाहेरच्यांनी मांडू नये. कोणाला मार्थेसारखे उत्तर पाहिजे आणि कोणाला मरीयेसारखी सोबत, हे ओळखण्यासाठी आधी शांतपणे बसावे लागते.

४. जिभेचा संयम

आपल्याकडे शोकघरी सर्रास म्हटली जाणारी काही वाक्ये येथे मुद्दाम लिहितो. देवाची इच्छा होती. देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. अजून वय आहे, दुसरे मूल होईल. ते तर सुखात आहेत, मग रडता कशाला? इतके तरी बरे की जास्त हाल झाले नाहीत. ही वाक्ये बोलणाऱ्याच्या मनात दया असते, ह्यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याला त्यांतून एकच अर्थ पोहोचतो की आता पुरे करा. ज्या आईचे मूल गेले, तिला देवाने ते मुद्दाम नेले असे सांगितल्यावर त्याच देवाकडे ती सांत्वनासाठी कशी जाईल?

ह्या सर्वांहून वाईट वाक्य म्हणजे विश्वास कमी पडला म्हणून रोगी बरा झाला नाही, हे होय. कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या घरी असे बोलणारे लोक असतात. त्यांनी पौलाचा सोबती त्रफिम ह्याची आठवण ठेवावी. प्रेषिताच्या हातून कित्येक रोगी बरे झाले, तरी त्रफिमाला त्याने मिलेत येथे आजारी असतानाच मागे ठेवले (२ तीमथ्य ४:२०). तेथे पौलाचा विश्वास कमी पडला असे कोण म्हणेल?

तसेच ज्या घरातील कोणी स्वतःच्या हाताने जीव दिला, त्या घरी आपण विशेष जपून, पण अवश्य जावे. तेथे चौकशी करू नये, कारणे शोधू नयेत, न्याय करू नये. त्या घरच्यांना शोकाबरोबर लाज आणि अपराधाची भावना ह्यांचाही भार असतो. मंडळीने त्यांच्याकडे पाठ फिरविली तर त्यांनी जावे कोणाकडे?

मग बोलावे तरी काय? फार थोडे पुरते. आम्हांला फार वाईट वाटते. मला त्यांची आठवण येते. मी गुरुवारी संध्याकाळी येते, आपण एकत्र जेवू. आणि गुरुवारी संध्याकाळी खरोखर जावे. प्रार्थना करावयाची तर आधी विचारावे, ती लहान असावी, आणि प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नये.

५. हातांनी केलेले सांत्वन

एलीया रानात झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला धर्मोपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे त्याच्या उशाशी ठेवले, त्याला झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खाऊ घातले (१ राजे १९:५-८). नामीचा नवरा आणि दोन्ही मुले परदेशात वारली. ती बेथलेहेमास परतली तेव्हा आपले नावसुद्धा तिने मारा, म्हणजे क्लेशमय, असे सांगितले. रूथने तिच्या कडू बोलण्याला एकही प्रत्युत्तर दिल्याचे वाचावयास मिळत नाही. ती तिच्याबरोबर आली, तिच्याबरोबर राहिली आणि सकाळी उठून सातू वेचावयास गेली. संध्याकाळी ती पदरात धान्य घेऊन आली, हेच तिचे सांत्वन. स्वतः रूथही विधवाच होती, हे विसरू नये.

आणि आपल्या प्रभूने काय केले? वधस्तंभावर असताना त्याने आपल्या आईची सोय लावली. प्रिय शिष्याने तिला त्या घटकेपासून आपल्या घरी ठेवून घेतले (योहान १९:२६-२७). शोक करणाऱ्याच्या राहण्याखाण्याची काळजी हा सुवार्तेचाच भाग आहे.

आजच्या काळात ही काळजी कागदपत्रांपर्यंत जाते. ज्या बाईने कधी बँकेचे पुस्तक हाती घेतले नाही, तिला महिन्याभरात दहा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते, आणि नोंद जेथे मृत्यू झाला तेथील निबंधकाकडे होते. कुटुंब राहते त्या गावी नव्हे. इंदुरात राहणाऱ्या माणसाचा मुंबईच्या रुग्णालयात अंत झाला तर दाखला मुंबईहून आणावा लागतो. ह्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवणे, कुटुंबनिवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँकेचा अर्ज ह्यांसाठी सोबत जाणे, रांगेत तिच्याऐवजी उभे राहणे, हे काम मंडळीतील एखादा निवृत्त कारकून ज्या प्रेमाने करील, त्यात याकोबाने सांगितलेले शुद्ध धर्माचरण आहे (याकोब १:२७). ज्यांना सभेत प्रार्थना करता येत नाही त्यांनाही ही सेवा करता येते.

६. गेलेल्याचे नाव घ्यावे

पुष्कळांना वाटते की मृताचा विषय काढला तर जखम पुन्हा उघडेल. म्हणून सर्व जण हवापाण्याच्या गोष्टी बोलतात आणि ज्याच्याविषयी बोलावेसे वाटते त्याचे नाव कोणीच घेत नाही. एका भगिनीने आम्हांस सांगितले की तिचे यजमान गेल्यापासून वर्षभरात मंडळीतील कोणी त्यांचे नाव तिच्यासमोर उच्चारले नाही. जणू ते मंडळीत कधी नव्हतेच. तेहतीस वर्षे त्यांनी गायनमंडळात तबला वाजविला होता.

यापो येथील विधवांची गोष्ट येथे उपयोगी आहे. टबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावली तेव्हा त्या पेत्राभोवती उभ्या राहून रडत होत्या आणि तिने आपल्यासाठी केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवीत होत्या (प्रे. कृत्ये ९:३९). किती साधी व खरी गोष्ट आहे ही! गेलेल्या माणसाच्या हातची वस्तू हातात घेऊन त्याच्याविषयी सांगणे. पेत्र तेथे उभा राहिला व त्याने ते पाहिले. गुडघे टेकून प्रार्थना त्याने नंतर केली.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत ह्याचे मोठे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी प्रभूघरी गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. आणि मुलगा देवदत्त ह्यांच्या आग्रहाने त्यांनी आठवणी लिहिल्या, त्याच ‘स्मृतिचित्रे’. त्या पुस्तकात टिळकांची थोरवी आहे, तसा त्यांचा शीघ्रकोप आहे, पैशाच्या बाबतीतला भोळेपणा आहे, पतिपत्नींमधील रुसवेफुगवे आहेत, आणि पानोपानी हसू आहे. लक्ष्मीबाईंनी आपल्या माणसाला देव्हाऱ्यातली मूर्ती करून ठेवले नाही; तो जसा होता तसाच आठवला. प्रेमाची आठवण खरी असली म्हणजे पुरे. तिला गुळगुळीत करावे लागत नाही. शोकघरी गेल्यावर गेलेल्या माणसाची एखादी गमतीची हकिकत सांगण्यास भिऊ नका. त्या घरात कित्येक दिवसांत कोणी हसलेले नसते.

७. शोकाला पंचांग नाही

किती दिवसांत माणसाने सावरावे? एलिझाबेथ क्युब्लर-रॉस ह्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे दुःखाच्या पाच पायऱ्यांची कल्पना जगभर पसरली. पण त्या पायऱ्या त्यांनी मूळात मरणाच्या दारी असलेल्या रोग्यांवरून वर्णिल्या होत्या. मागे राहिलेल्या प्रत्येकाने त्या ओळीने चढाव्यात असा नियम नाही. शोक लाटांसारखा येतो. चार दिवस बरे जातात, आणि बाजारात त्यांच्या आवडीची भाजी दिसते न दिसते तोच डोळे भरून येतात. पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस, मुलीचे लग्न, पहिले वर्षश्राद्ध न पाळणाऱ्या आपल्या घरांतही येणारा तो वर्षाचा दिवस, हे सर्व कठीण असतात.

ह्यात २०२० व २०२१ ह्या वर्षांचे दुःख निराळेच आहे. त्या साथीच्या काळात अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसे जमू नयेत असा सरकारी नियम होता. कित्येकांना तर आपल्या माणसाचे तोंडही पाहावयास मिळाले नाही. त्यांच्याजवळ सात दिवस कोणी बसू शकले नाही. इतकी वर्षे लोटली तरी अशा कुटुंबांसाठी मंडळीने एखाद्या रविवारी नावे घेऊन स्मरणार्थ उपासना ठेवली तर ती उशिरा झाली असे म्हणू नये. ती राहिली होती, एवढेच.

तथापि एक खूण ओळखावी. सहा महिन्यांहून अधिक काळ लोटूनही माणूस खाणे, झोप, काम, घरचे व्यवहार ह्यांत उभाच राहू शकत नसेल, तीव्र ओढ व वेदना रोज तशाच राहत असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणून स्थान दिले आहे. आणि मरणाच्या गोष्टी तो बोलू लागला तर सहा दिवसही थांबू नये. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास दाखविणे नव्हे. लूकसुद्धा वैद्यच होता. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. हा क्रमांक मंडळीच्या सूचनाफलकावर लावून ठेवावा.

ह्या सर्वांवरून आमची प्रत्येक मंडळीला एक नम्र सूचना आहे. एक साधी वही करा. कोण केव्हा प्रभूघरी गेले, मागे कोण आहे, जन्मदिवस व लग्नाचा दिवस कोणता, हे तीत लिहा. एका वडिलांकडे व महिलामंडळातील एका भगिनीकडे ती सोपवा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग वर्षभर दर महिन्याला, आणि त्या त्या दिवशी अवश्य कोणीतरी भेटावयास जावे. दूर असलेल्यांना फोन करावा किंवा दोन ओळींचे पत्र टाकावे. ह्याला खर्च नाही. आठवण मात्र ठेवावी लागते, आणि माणसाची आठवण कच्ची असते म्हणून वही.

८. जे आज शोकात आहेत त्यांना

हे वाचणाऱ्यांत असे कोणी असतील की ज्यांच्या घरातील खुर्ची नुकतीच रिकामी झाली आहे. त्यांना आम्ही फार काही सांगू इच्छित नाही. तुम्हांला प्रार्थना सुचत नसेल, तर स्तोत्र ८८ उघडा. ते अंधारातच संपते, तरी देवाने ते आपल्या शास्त्रात ठेवले आहे. तुम्हांला गर्दी नको असेल, तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची बातमी ऐकल्यावर प्रभूसुद्धा एकांती निघून गेला होता (मत्तय १४:१३). पण कोणी भाकर आणली तर नको म्हणू नका. मदत करणाऱ्यालाही ती करू देणे हे देणेच आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण जाणतो. तरुणपणी दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली यजमान गेले. त्या वेळी मनोरमा तान्ही होती. पुढे १९२१ साली ती मनोरमाही गेली, आणि त्यानंतर वर्ष पुरे होण्याआधी, ५ एप्रिल १९२२ रोजी, बाई स्वतः गेल्या. शेवटच्या त्या महिन्यांत शास्त्राच्या भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांना दुःख झाले नाही असा ह्याचा अर्थ नाही. केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांच्याभोवती शेकडो मुली व स्त्रिया होत्या, ज्यांनी स्वतः सर्व काही गमावले होते. त्यांच्यामध्ये बसून त्यांनी आपला भार वाहिला. देव आपले सांत्वन करतो ते ह्यासाठी की त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्यांना धीर द्यावा, असे पौल करिंथकरांस लिहितो (२ करिंथ. १:३-४). आज ज्याच्याजवळ कोणी येऊन बसले, तोच उद्या दुसऱ्याजवळ बसण्यास सर्वांत योग्य माणूस होतो.

आणि आशा? ती आपण सोडलेली नाही. प्रभू येईल, ख्रिस्तात मेलेले उठतील, आणि आपण सर्व सर्वदा त्याच्याजवळ राहू, हे पौल लिहितो, आणि ह्या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करावे असे शेवटी सांगतो (१ थेस्स. ४:१६-१८). ‘एकमेकांचे’ हा शब्द पाहा. ही आशा दूरवरून पाठवावयाचा निरोप नाही. जवळ बसलेल्याने जवळच्याला सांगावयाची ती गोष्ट आहे. ज्याने सात दिवस मौन राखले, त्याच्या तोंडून आठव्या दिवशी ती ऐकावीशी वाटते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी

लहान मुलांना मरणाविषयी सरळ शब्दांत सांगावे. आजोबा झोपले आहेत असे पाच वर्षांच्या मुलाला सांगितले तर त्याला रात्री झोपण्याची भीती वाटू लागते. लाजार झोपला आहे असे प्रभूने म्हटले व शिष्यांना ते कळले नाही, तेव्हा तो मेला आहे असे त्याने उघड सांगितले (योहान ११:११-१४). तसेच देवाला ते हवे होते म्हणून नेले, असे सांगू नये. मूल देवाला भिऊ लागते. आजोबांचे शरीर थांबले, आता त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत, आपल्याला त्यांची आठवण येईल, आणि प्रभू येशू त्यांना व आपल्याला विसरत नाही, एवढे पुरे. मुलाला आठवणीचे चित्र काढू द्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. ईयोबाच्या मित्रांनी पहिल्या सात दिवसांत कोणत्या गोष्टी योग्य केल्या? त्यांतील कोणती आपल्याला सर्वांत कठीण जाते?

२. मार्था व मरीया ह्यांना प्रभूने निरनिराळे उत्तर का दिले असावे?

३. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीतील कोणाकोणाच्या घरी मृत्यू झाला? शेवटचे त्यांच्याकडे कोण व केव्हा गेले होते?

४. ह्या आठवड्यात आपण कोणाच्या घरी जाणार? दिवस व वेळ आताच ठरवावी.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, बेथानीच्या कबरेजवळ रडलेल्या तुझ्या पुत्राच्या द्वारे आम्ही तुझ्याकडे येतो. आमच्यातील ज्या घरांत आज एक ताट कमी वाढले जाते, त्या घरांत तू राहा. आमच्या जिभेला आवर घाल, आमच्या पायांना त्या घराची वाट दाखव, आणि इतर सर्व विसरले तरी आम्हांला विसरू देऊ नकोस. पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत आम्हांला एकमेकांजवळ बसण्याचा धीर दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.